ऑपरेशननंतरचं ‘किट’: डबा उलटा करून वाचा

वजन कमी करण्यासाठी जठराचं ऑपरेशन, म्हणजे स्लीव्ह (जठर कापून छोटं करणं) किंवा बायपास (छोट्या जठराला थेट पुढचं आतडं जोडणं), करून पेशंट घरी येतो न येतो तोच फोन: “ताई, हॉस्पिटलकडूनच बोलतेय, तुमचं तीन महिन्यांचं डाएट किट घ्यायचं राहिलंय.” बोलणारी बऱ्याचदा आहारतज्ज्ञ नसतेच, कमिशनवर विकणारी असते. ऑपरेशनची तारीख तिला कळते कुठून, हे हॉस्पिटललाच विचारा.

किटमधला मोठा डबा ‘बॅरिअॅट्रिक’ (वजनाच्या ऑपरेशनवाल्यांसाठीच्या) प्रोटीनचा. मागे बारीक अक्षरांत 100 ग्रॅममध्ये 20 ग्रॅम प्रोटीन असं लिहिलेलं असेल, तर 25 ग्रॅमच्या स्कूपमधून मिळतात फक्त 5. दिवसाला लागतात किमान 60, म्हणजे बारा स्कूप, 300 ग्रॅम पावडर! आणि स्लीव्हनंतर जठर उरलंय जेमतेम 100-150 मिलीचं. उरलेली पावडर बरेचदा साखर नाहीतर माल्टोडेक्स्ट्रिन (पटकन साखर होणारं स्टार्च). बायपासवाल्याला साखरेने अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब सुरू होऊ शकतात. यालाच डंपिंग म्हणतात. चांगल्या व्हे आयसोलेटच्या (दुधाच्या निवळीतून वेगळ्या काढलेल्या प्रोटीनच्या) 30 ग्रॅममध्ये 24-25 ग्रॅम प्रोटीन असतं. घटकांत पहिलं नाव कोलॅजनचं असेल तर घेऊ नका, त्यात ट्रिप्टोफॅन हे शरीराला बाहेरूनच मिळावं लागणारं अमिनो आम्लच नसतं. (वरणाचं वरचं पाणीसुद्धा प्रोटीनच्या नावाने फसवतंच, फक्त फुकटात.)

‘सगळं एकाच गोळीत’ हाही सापळाच. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर लागतं, आणि आम्ल कमी झालेल्या जठराला कार्बोनेटपेक्षा कॅल्शियम सायट्रेट बरं.

खरी कमाई मात्र केसांच्या गमीत (चघळायच्या गोड गोळीत). तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळू लागतात, पेशंट घाबरतो, गमी घेतो. वजन झपाट्याने उतरल्यामुळे होणारी ही गळती सहसा काही महिन्यांत आपोआप थांबते, आणि श्रेय गमीला जातं. गमीत बहुधा लोह नसतंच. गळती लांबली तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी12 तपासा, प्रोटीन मोजा.

सील तोडण्याआधी जीएसटीचं बिल मागा, एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) 14 आकडी क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून बघा. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

आणि उलट्या होत असताना “शरीर शुद्ध होतंय, पावडर चालू ठेवा” असं कुणी सांगितलं, तर फोन ठेवून थेट सर्जनकडे जा. सततच्या उलट्यांनी थायामिन (जीवनसत्त्व बी1) संपतं. चालताना तोल जातो, एकाची दोन दिसतात. दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर ऑपरेशन झाल्याचं आधी सांगा: ग्लुकोजच्या सलाइनआधी थायामिनचं इंजेक्शन लागतं.