सेंट्रोसोम रंगवताना: थेट रंग जोडलेली अँटिबॉडी की प्रायमरी-सेकंडरीची जोडी?

सेंट्रोसोमवर, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्मनलिका जिथून उगवतात त्या छोट्या भागावर, काम सुरू करताना पहिला पेच खरेदीचाच असतो. रंगद्रव्य आधीच जोडलेली प्रायमरी (हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी) अँटिबॉडी घ्यावी, की साधी प्रायमरी घेऊन तिच्यावर रंगीत सेकंडरी (प्रायमरी ज्या प्राण्याची, त्या प्राण्याच्या अँटिबॉडीला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी) चढवावी? थेट पद्धतीत एक टप्पा आणि काही धुण्या वाचतात, शिवाय एकाच प्राण्यातल्या दोन अँटिबॉडी एकत्र वापरता येतात. जोडीच्या पद्धतीत वेळ जातो, पण उजेड जास्त मिळतो. माझं मत आधीच सांगते: सुरुवात जोडीनेच करा. थेट अँटिबॉडीची खरी गरज पडते अशा जागा मोजक्या आहेत आणि त्या आधी ओळखता येतात.

याचं कारण लक्ष्याच्या आकारात आहे. सेंट्रोसोम म्हणजे दोन सेंट्रिओल (सूक्ष्मनलिकांची बनलेली नळकांडी) आणि त्यांच्याभोवतीचं प्रथिनांचं दाट आवरण. पूर्ण वाढलेला सेंट्रिओल साधारण ५०० नॅनोमीटर लांब आणि २५० नॅनोमीटरच्या आसपास रुंद. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादाही २०० ते २५० नॅनोमीटरची. त्यामुळे अख्खा सेंट्रिओल आपल्याला ठिपक्यासारखा दिसतो. ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं फिकं रंगलं तरी आकारावरून ओळखू येतं. ठिपक्याच्या बाबतीत ती सोय नाही. तो भोवतालापेक्षा किती उजळ आहे, एवढ्यावरच निर्णय करायचा असतो.

थेट जोडलेल्या अँटिबॉडीवर रंगाचे मोजकेच रेणू बसवता येतात. जास्त बसवले तर ते एकमेकांचा प्रकाश विझवतात, आणि अँटिबॉडीची पकडही ढिली होऊ शकते. जोडीमध्ये एका प्रायमरीवर अनेक सेकंडरी बसतात आणि प्रत्येकीवर स्वतःचे रंगरेणू असतात. गॅमा-ट्युब्युलिनसारखं भरपूर असणारं प्रथिन थेट अँटिबॉडीनेही छान दिसतं. पण एसएएस-६ किंवा सीईपी१६४ यांसारखी थोड्या जागेत, थोड्या प्रमाणात असणारी प्रथिनं पाहायची असतील, तर जोडीचा वाढीव उजेड सोडू नका.

थेट अँटिबॉडीच्या बाजूने नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे ‘माझ्या दोन्ही प्रायमरी उंदराच्याच आहेत’. सेंट्रोसोमच्या बाबतीत हे कारण बरेचदा टिकत नाही. गॅमा-ट्युब्युलिनसाठी सर्रास वापरला जाणारा जीटीयू-८८ क्लोन (एकाच पेशीवंशातून बनलेली, एकसारखी अँटिबॉडी) आयजीजी१ आहे (आयजीजी हा अँटिबॉडीचा नेहमीचा वर्ग), सेंट्रिन या सेंट्रिओलमधल्या प्रथिनाचा २०एच५ आयजीजी२ए, आणि ॲसिटिलेटेड ट्युब्युलिनचा ६-११बी-१ आयजीजी२बी. तिन्ही उंदराचे, पण तिन्हींचे उपवर्ग वेगळे. उपवर्ग ओळखणाऱ्या तीन वेगवेगळ्या रंगांच्या सेकंडरी घेतल्या की तिघांना एकाच काचेवर वेगळं पाहता येतं. खरेदीआधी माहितीपत्रकावर प्राण्याच्या नावापुढची ही ओळ नक्की वाचा.

सशाचं तसं नाही. सशात आयजीजीचा एकच उपवर्ग असतो, त्यामुळे सशाच्या दोन प्रायमरींना ही युक्ती लागू पडत नाही. पेरिसेंट्रिन (दाट आवरणातलं प्रथिन) आणि सीईपी१६४ दोन्हींसाठी तुमच्याकडे सशाच्याच अँटिबॉडी असतील, तर त्यांपैकी एक थेट रंगवलेली घेणं रास्त आहे. अशा वेळी क्रम महत्त्वाचा: आधी साधी प्रायमरी, मग सेकंडरी, मग सेकंडरीचे मोकळे राहिलेले हात सशाच्या सामान्य आयजीजीने भरून टाकायचे, आणि सगळ्यात शेवटी थेट रंगवलेली अँटिबॉडी. हात भरायचे राहिले तर शेवटची अँटिबॉडी थेट सेकंडरीला चिकटते आणि दोन प्रथिनं एकाच जागी असल्याचा खोटा पुरावा तयार होतो. जास्त असणाऱ्या प्रथिनाला थेट रंग द्या, कमी असणाऱ्याला जोडी.

सशाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. लस न टोचलेल्या, साध्या सशाच्या सीरममध्येही सेंट्रिओलला चिकटणाऱ्या अँटिबॉडी सापडतात. हे १९७८ मध्येच प्रसिद्ध झालेलं आहे. माणसातही असं घडतं: स्क्लेरोडर्माच्या (त्वचा कडक करणाऱ्या स्वप्रतिकारक आजाराच्या) काही रुग्णांच्या रक्तात सेंट्रोसोमविरोधी अँटिबॉडी असतात, आणि १९९४ मध्ये पेरिसेंट्रिनचा जनुक शोधायला अशाच सीरमचा उपयोग झाला. याचा अर्थ सशाच्या पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेल्या) अँटिबॉडीने सेंट्रोसोमवर ठिपका दाखवला, एवढ्यावरून तुमचं प्रथिन तिथे आहे असं सिद्ध होत नाही. नव्या प्रथिनासाठी तर मुळीच नाही. त्याच सशाचं लसीआधीचं सीरम मिळत असेल तर मागून घ्या. नाहीतर एसआयआरएनए (त्या प्रथिनाची निर्मिती रोखणारा छोटा आरएनए) देऊन प्रथिन कमी करा आणि ठिपका मंदावतो का ते पाहा. ही चाचणी दोन्ही पद्धतींना सारखीच लागू आहे. रंग कसा जोडला आहे याचा या दोषाशी काहीही संबंध नाही.

आता कोणत्या प्रथिनावर पैसे घालायचे? सूक्ष्मनलिका जिथून उगवतात ती जागा दाखवायची असेल तर गॅमा-ट्युब्युलिन. पण त्याचा मोठा हिस्सा पेशीद्रवात पसरलेला असतो, म्हणून पार्श्वभूमी धुरकट येते. फिक्सेशनच्या (पेशी रसायनाने आहेत तशा स्थिर करण्याच्या) आधी सौम्य डिटर्जंटने पेशीद्रव थोडा धुऊन काढला तर चित्र स्वच्छ होतं. शिवाय पेशी विभाजनाकडे जाताना सेंट्रोसोमवर हे प्रथिन कित्येक पटींनी वाढतं. तीव्रता मोजायची असेल तर पेशीचक्राच्या एकाच टप्प्यातल्या पेशींची तुलना करा. सेंट्रोसोम कुठे आहे एवढंच दाखवायला पेरिसेंट्रिन मला जास्त आवडतं. मात्र या दोघांनीही सेंट्रिओल मोजता येत नाहीत, कारण जवळजवळचे दोन एकाच डागात मिसळतात. मोजायला सेंट्रिन हवं. ते सेंट्रिओलच्या टोकाकडच्या पोकळीत बसतं, जी-१ टप्प्यात (पेशीतला डीएनए दुप्पट होण्याआधी) दोन ठिपके देतं आणि जी-२ मध्ये (दुप्पट झाल्यावर, विभाजनाआधी) चार. सेंट्रिनचे भटके पुंजकेही कधीकधी दिसतात, म्हणून मोजणीसाठी गॅमा-ट्युब्युलिन सोबत ठेवा आणि दोन्ही जुळतील तेवढेच धरा. मातृ-सेंट्रिओल (जोडीतला जुना) ओळखायचा असेल तर सीईपी१६४ किंवा नायनीन.

फिक्सेशनचा परिणाम रंगाच्या पद्धतीपेक्षा मोठा असतो, आणि नेमकं तेच दुर्लक्षित राहतं. उणे २० अंशांचं मिथेनॉल, पाच ते दहा मिनिटं: सेंट्रोसोमच्या बहुतेक अँटिबॉडींना हे मानवतं. पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये हे दाट आवरण असं बांधलं जातं की अँटिबॉडीला आत शिरायला वाव कमी उरतो. पण मिथेनॉलने जीएफपीचा (पेशीतच बनणाऱ्या हिरव्या चमकत्या प्रथिनाचा) प्रकाश मंदावतो आणि ॲक्टिन रंगवणारं फॅलॉइडिन चालत नाही. त्यामुळे सोबत ॲक्टिन किंवा जीएफपी हवं असेल तर आधी फिक्सेशन ठरवा आणि त्यात चालणारी अँटिबॉडी मग शोधा. महागडी थेट अँटिबॉडी चुकीच्या फिक्सेशनमध्ये साध्या जोडीपेक्षाही वाईट दिसते.

रंगांबद्दल थोडक्यात. एफआयटीसी लवकर विझतो आणि आम्लतेला संवेदनशील आहे. अलेक्सा ४८८ किंवा तत्सम रंग घ्या. ६४७ या गडद लाल रंगाचा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून आयपीसमधून सेंट्रोसोम शोधायला ज्या प्रथिनाचा आधार घेणार, त्याला ६४७ देऊ नका. दोन रंगांतलं शंभर-दोनशे नॅनोमीटरचं अंतर मोजणार असाल तर बहुरंगी मण्यांवर रंगांची आपापसातली सरक आधी तपासा. खोलीच्या दिशेने ती आडव्या दिशेपेक्षा जास्त असते.

अतिविभेदन सूक्ष्मदर्शनात (साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाच्या मर्यादेपलीकडचं दाखवणाऱ्या पद्धतींत) मात्र पारडं फिरतं. प्रायमरी आणि सेकंडरी मिळून रंग प्रथिनापासून २० ते ३० नॅनोमीटर दूर नेऊ शकतात. साध्या चित्रात हे जाणवत नाही. २५० नॅनोमीटर रुंदीच्या सेंट्रिओलची भिंत मोजताना चांगलंच जाणवतं. तिथे थेट रंगवलेली अँटिबॉडी सरस ठरते, आणि दोन ते चार नॅनोमीटरची नॅनोबॉडी (अँटिबॉडीचा प्रथिनाला धरणारा छोटा तुकडा) तिच्याहूनही सरस, अर्थात तुमच्या प्रथिनासाठी ती मिळत असेल तर. दुसरी वाट पेशीच फुगवण्याची. २०१९ मध्ये आलेल्या यू-एक्सएम पद्धतीत नमुना साधारण चौपट फुगतो आणि अँटिबॉडी फुगवल्यानंतर लावतात, त्यामुळे तेच अंतर प्रत्यक्षात चौथ्या हिश्श्यावर येतं आणि साधी जोडीसुद्धा पुरते. मात्र या पद्धतीत प्रथिनं उष्णतेने आणि एसडीएस या डिटर्जंटने उलगडली जातात, तेव्हा उलगडलेलं प्रथिन ओळखणारी अँटिबॉडीच हवी. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (उलगडलेली प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत) चालणारा क्लोन आधी करून पाहा.

प्रत्यक्ष मागणी नोंदवताना मी साधी प्रायमरी सर्वांत छोट्या पॅकमध्ये घेईन आणि आपल्याच पेशींवर, आपल्याच फिक्सेशनमध्ये तपासेन. तपासणीत टिकलेल्या क्लोनला पुढे थेट रंग द्यायची वेळ आली, तर तोच क्लोन बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन), ट्रिस आणि ग्लायसिन नसलेल्या द्रावणात मागवायचा. रंग जोडण्याची नेहमीची रसायनं अमाइन गटांना धरतात, आणि हे तिन्ही पदार्थ अँटिबॉडीच्या वाट्याचा रंग स्वतःच खाऊन टाकतात.