थंडीत पिल्लं आणताय? मग ब्रूडर प्लेटबद्दल हे वाचा (5 पैकी 4 स्टार)

थंडीत कोंबडीची पिल्लं आणू नका, जरा उन्हं तापू देत मग बघा, असं जो तो सांगतो आणि त्यात तथ्य नाही असं नाही, पण हिशेब करून बघा. पिल्लू साधारण 18 ते 22 आठवड्यांनी अंड्यावर येतं, म्हणजे ऐन थंडीत आणलेली पिल्लं अंड्यावर येईपर्यंत दिवस मोठे झालेले असतात, आणि 14 ते 16 तास उजेड मिळाला की कोंबडी अंडी द्यायला कंटाळत नाही. परसात दहा-बारा कोंबड्या ठेवायच्या एवढाच बेत असेल तर थंडीत सुरुवात करायला काहीच हरकत नाही, फक्त पहिले पाच-सहा आठवडे ऊब कुठून आणायची हा एकच प्रश्न आहे आणि त्यासाठीच मी ही प्लेट घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या पद्धतीच्या प्लेट आता बऱ्याच जणांच्या निघाल्यात आणि सगळ्या थोड्याफार फरकाने सारख्याच आहेत.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, हे 30 बाय 30 सेंटीमीटरचं चपटं प्लास्टिकचं बुटकं टेबल आहे, खालची बाजू गरम होते, आणि पिल्लं खाली शिरून पाठ टेकवून बसतात, खुडूक कोंबडीच्या पोटाखाली बसतात तशी. माझी 22 वॅटची आहे. पिल्लांना ऊब द्यायला एरवी लटकवतात तो इन्फ्रारेड बल्ब म्हटला की बहुतेक वेळा 250 वॅटचा, तो दिवसरात्र चालू ठेवला की रोजचे 6 युनिट, आणि ही दिवसभरात अर्ध्या युनिटच्या आसपास खाते. आठवडेच्या आठवडे चालवायचं असतं तेव्हा हा फरक बिलात चांगलाच दिसतो.

पण बिलाचं राहू द्या, माझ्यासाठी खरं कारण आग हे होतं. खाली भुसा, वर लटकवलेला तापलेला बल्ब, त्यात एखादं पिल्लू फडफडलं किंवा क्लिप सटकली की संपलं, खुराड्यांना आगी लागतात त्यातल्या कितीतरी अशाच. शिवाय काही बल्बना टेफ्लॉनचं कोटिंग असतं, ते तापलं की त्याच्या वाफेने पक्षी मरतात, त्यामुळे बल्बच वापरणार असाल तर खोक्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय लावू नका.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसलो. ही प्लेट म्हणजे हीटर नाही. हिने खोली गरम होत नाही, आजूबाजूची हवा पण गरम होत नाही, खाली जे पिल्लू टेकलंय फक्त त्याला ऊब मिळते. बरेच जण थर्मामीटर घेऊन बसतात की पहिल्या आठवड्यात 32 ते 35 डिग्री पाहिजे, मग दर आठवड्याला 3 डिग्री कमी, आणि प्लेटच्या शेजारी ठेवून बघतात तर आकडा 18 दाखवतो की लगेच प्लेट खराब आहे म्हणून परत पाठवतात. तो हिशेब बल्बवाल्या ब्रूडरचा (म्हणजे पिल्लांना उबेत ठेवायच्या जागेचा) आहे, इथे लागू होत नाही. इथे थर्मामीटर नको, पिल्लांकडे बघा. दाणे टिपतायत, पाणी पितायत, मधेच खाली जाऊन पाच मिनिटं डुलकी काढून परत बाहेर येतायत, तर सगळं ठीक. चोचा उघड्या टाकून पंख पाडून लांब बसली तर गरम होतंय. आणि कर्कश्श ओरडत एकमेकांवर चढून गठ्ठा करत असतील तर थंडी वाजतेय, तेव्हा थांबू नका कारण खालची पिल्लं दडपून मरतात.

थंडीत खरी गोची अशी की खोलीच गार असेल तर पिल्लं प्लेटखालून बाहेरच येत नाहीत. तुम्हाला वाटतं किती शांत, किती गुणी, आणि ती बिचारी उपाशी असतात. प्लेटच्या माहितीपत्रकात बहुतेक कंपन्या 10 डिग्रीच्या खाली वापरू नका असं लिहितात, ते उगाच नाही. उघड्या शेडमध्ये किंवा गॅलरीत, कडाक्याच्या थंडीत, ही प्लेट एकटी पुरणार नाही म्हणजे नाही. घरातली एखादी बंद खोली पाहिजे. त्यात मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात प्लेट ठेवली, खोक्याच्या कडा उंच ठेवल्या म्हणजे खालून वारा लागत नाही, वरून अर्ध्या भागावर जुनी चादर (प्लेटला टेकणार नाही अशी, आणि सगळं बंद करायचं नाही, ओल आणि अमोनिया कोंडला की डोळे चुरचुरायला लागतात, तुमचे पण), आणि दाणा-पाणी प्लेटच्या तोंडाशीच, पिल्लाच्या चार पावलांवर. एवढं केलं की फरक लगेच कळतो.

पायांची उंची हा दुसरा खेळ. मागचे दोन पाय खाली, पुढचे दोन वर, म्हणजे प्लेट तिरकी होते आणि लहानमोठी पिल्लं आपापली जागा शोधतात. पाठ टेकली पाहिजे, वाकावं लागता कामा नये. दर चार-पाच दिवसांनी एक खाच वर. पिल्लं यायच्या आधी तासभर चालू करून ठेवा, आणि आल्यावर प्रत्येकाची चोच एकदा कोमट पाण्यात बुडवून मग प्लेटखाली सरकवा, एकाला कळलं की बाकीची आपोआप जातात. पाण्याच्या भांड्यात पहिला आठवडा गोट्या टाकून ठेवा, नाहीतर बुडतात, आणि थंडीत ओलं झालेलं पिल्लू वाचवणं अवघड. खाली नुसता पेपर नको, पाय घसरून फाकतात, लाकडाचा भुसा नाहीतर तूस घाला.

रात्रीचं मला सगळ्यात आवडलं. बल्ब असला की चोवीस तास उजेड, पिल्लं धड झोपत नाहीत आणि एकमेकांना टोचत बसतात. इथे दिवा बंद केला की पाच मिनिटं कुरबुर, मग सगळी आत, फक्त कडेने चार-पाच बुडं बाहेर दिसतात. ती बुडं सकाळी तपासायची मात्र, प्रवासात गारठलेल्या पिल्लांच्या बुडाला विष्ठा चिकटून वाळते आणि वाटच बंद होते, कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून अलगद काढायची, ओढायची नाही.

आता तक्रारी. खोक्यावर लिहिलंय 20 पिल्लांसाठी. 20 मावतात, पण एक दिवसाची! तिसऱ्या आठवड्यात निम्मी पण नीट मावत नाहीत, तेव्हा दहा-बारा पिल्लांना हीच बरोबर, त्याहून जास्त असतील तर मोठी साइज घ्या. दुसरं, दुसऱ्या आठवड्यापासून सगळी प्लेटच्या डोक्यावर चढून बसतात आणि तिथेच शिटतात, रोज पुसावं लागतं, वर बसवायचं निमुळतं झाकण वेगळं विकतात, जे खरं तर सोबतच द्यायला हवं होतं. तिसरं, लाइट गेली की प्लेट थोड्याच वेळात गार, काही साठवून ठेवत नाही, त्यामुळे गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची तयारी आधीच असू द्या. आणि चालू आहे का बंद हे दाखवणारा लाल दिवा इतका बारीक की दिवसा हात लावूनच बघावं लागतं.

धुळीचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, पिसं फुटायला लागली की खोलीभर पांढरी पावडर बसते, त्यामुळे झोपायच्या किंवा स्वयंपाकाच्या खोलीत हा कारभार अजिबात नको. यात प्लेटचा दोष नाही, पण घरात पिल्लं ठेवायची तर हे येणारच.

पाच-सहा आठवड्यांत पूर्ण पिसं आली की प्लेट काढायची, पण एकदम नाही, आधी दिवसा बंद, रात्री चालू, मग रात्रीही बंद, आणि मग खुराड्यात. तिथे वारा थेट अंगावर येऊ द्यायचा नाही पण वरून हवा खेळती पाहिजे, मोठ्या कोंबडीला कोरड्या थंडीचं विशेष काही नाही, ओल बाधते. ज्यांच्याकडे बंद खोली नाही त्यांनी ही घेऊ नये, त्यांनी एक तर थांबावं नाहीतर खुडूक कोंबडी शोधावी. बाकीच्यांनी बिनधास्त घ्या, फक्त वायर जेमतेम दीड मीटर आहे, तेव्हा खोकं कुठे ठेवणार ते प्लग बघून ठरवा.