नेकबँड की इअरबड्स? ज्याचं काम फोनवर चालतं त्याच्यासाठी

वायरचा हेडफोन सोडायचा हे ठरवणं सोपं आहे. घोडं अडतं ते पुढे. गळ्यात अडकवायचा नेकबँड घ्यायचा, की डबीतून काढून कानात खोचायचे सुटे बड्स? दोन्ही मी वापरले आहेत आणि दोन्ही अजून घरात आहेत. ड्रायव्हर, म्हणजे आतला इवला स्पीकर, किती मिलिमीटरचा, ब्लूटूथ ५.२ की ५.३, या भानगडीत इथे पडत नाही. ते खोक्यावर छापलेलं असतंच.

माझी बाजू आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढी वजावट करता येईल. सोसायट्यांच्या लिफ्टच्या देखभालीचं काम आमच्याकडे असतं. मेकॅनिक एका इमारतीत, सुटा भाग दुसरीकडे, सेक्रेटरी तिसरीकडे आणि मी ठाणे-दादरच्या मध्ये कुठेतरी लोकलमध्ये. गाणी ऐकतो, पण उरल्या वेळात. तुमचं उलटं असेल तर माझा कौल तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

गाण्यांपुरतं बोलायचं तर बड्स बरे, हे मान्य करून टाकतो. मानेवर काही नाही, कॉलरला काही घासत नाही आणि चांगली एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारी सोय, असेल तर डब्यातल्या पंख्यांची नि रुळांची घरघर खरंच खाली बसते. शेजारच्यांच्या गप्पा मात्र ऐकू येतच राहतात, कारण हे तंत्र सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजावर चांगलं चालतं. माणसाच्या बोलण्यावर तितकं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दुकानात ‘नॉइज कॅन्सलेशन आहे ना?’ असं विचारलं की ‘आहे ना!’ हेच उत्तर मिळतं. पण एएनसी असते तुमच्या कानासाठी, आणि ईएनसी असते पलीकडच्या माणसासाठी. पहिलीने तुम्हाला गाडीचा आवाज कमी येतो, दुसरीने तुमच्या माइकमधून त्याला तो कमी जातो. फोनसाठी घेत असाल तर दुसरी हवी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत बहुधा पहिली असते.

महागडी जोडी घेतली तरी फोनवरचा आवाज गाण्याइतका चांगला का वाटत नाही, याचंही कारण आहे. गाणं ऐकताना ब्लूटूथची वाहतूक एकेरी असते. फोन सुरू झाला की माइकही जागा होतो, वाहतूक दुहेरी होते आणि आवाज वेगळ्या, काटकसरीच्या पद्धतीने जातो. जुन्या पद्धतीत सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने टिपले जातात, वाइडबँड या सुधारलेल्या पद्धतीत १६,०००. नमुने जितके जास्त, तितका आवाज खरा वाटतो. गाण्याला ४४,१०० तरी असतात. एलई ऑडिओ ही नवी पद्धत २०२० मध्ये जाहीर झाली, तिच्यात हे सुधारतं, पण त्यासाठी फोन आणि हेडसेट दोन्ही तिला चालणारे लागतात. तेव्हा निव्वळ बोलण्यासाठी किमतीच्या वरच्या टोकाला जाण्यात मला तरी फार अर्थ दिसला नाही.

माइकच्या बाबतीत दोघांचं दुखणं वेगळं आहे. बडचा माइक कानापाशी, म्हणजे तोंडापासून लांब. तो तुमचा आवाज सॉफ्टवेअरने वेचून काढतो, आणि वारा सुटला की गोंधळतो. नेकबँडचा माइक बहुधा वायरवर किंवा पट्ट्याच्या टोकाशी असतो. तोंडाला जवळ, पण कॉलरलाही जवळ. मान वळवली की पलीकडच्याला खरखर. आमच्या ऑफिसमधल्या एक मॅडम नेकबँड घालतात तेव्हा ओढणी माइकवर येते आणि आवाज उशीतून आल्यासारखा वाटतो. त्यांनी शेवटी बड्सच घेतले, आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे.

आता माझा निकाल कशाने लागला ते सांगतो.

फोन वाजतो तेव्हा बड्स कुठे असतात? डबीत. डबी खिशात, आणि खिशासमोर कुणाची तरी पाठ. ती काढायची, झाकण उघडायचं, एक बड चिमटीत धरायचा. तोवर पाच-सहा रिंग झालेल्या असतात, म्हणून दुसऱ्या हाताने फोन उचलून कानाला लावायचा. नेमक्या त्याच क्षणी बड फोनला जोडला जातो. पलीकडचा माणूस बोलतोय, पण त्याचा आवाज आपल्या चिमटीत. आपण ‘हॅलो, हॅलो’ करतोय, तो ‘आवाज येत नाही’ म्हणून ठेवतो. आपण उलटा लावतो, तोही पुन्हा लावत असतो, आणि दोघांनाही बिझी.

घरगुती फोन असेल तर यात हसण्यासारखं आहे. मला येणारा फोन कधीकधी असा असतो: ‘साहेब, लिफ्ट मधेच थांबलीय, आत आजी आहेत.’ मुलुंडच्या एका सोसायटीतून वॉचमनचा असाच फोन आला आणि वरचा सगळा प्रकार साग्रसंगीत झाला. दोन वाक्यं सांगायची होती: मेन स्विच बंद कर, आणि आमचा माणूस येईपर्यंत दाराला हात लावू देऊ नकोस. ती त्याच्यापर्यंत पोचेतो मला घाम फुटला. आजी सुखरूप निघाल्या. डबी त्या दिवसापासून बॅगेत गेली.

यावर ‘एक बड कानातच ठेवावा’ असं कुणी म्हणेल. ठेवून पाहिला. दुपारपर्यंत कान खाजायला लागतो, आणि सेक्रेटरींसमोर कानात काहीतरी खोचून उभं राहिलं की आपण ऐकतच नाही असा त्यांचा समज होतो. शिवाय बोलणं संपल्यावर बड डबीत नीट बसला नाही, किंवा पिनांवर मळ साचला, तर तो डबीतही जोडलेलाच राहतो आणि पुढचा फोन तिथे जातो.

नेकबँडचं तसं नाही. फोन आला की तो गळ्याशी थरथरतो, त्यामुळे गर्दीत रिंग ऐकू आली नाही तरी चालतं. बटण दाबायचं, एक टोक कानात. बोलणं झालं की सोडून द्यायचं, पडून पडून गळ्यातच पडणार. काहींत लोहचुंबकाचीच कळ असते, वनप्लसच्या बुलेट्स वायरलेसमध्ये आहे तशी: चिकटलेली टोकं सुटी केली की फोन उचलला जातो, चिकटवली की ठेवला जातो.

याचेही त्रास आहेत. तो एका बाजूला घसरतो. मे महिन्यात मानेवर चिकटतो. उतरताना कुणाच्या तरी बॅगेचा पट्टा वायरीत अडकतो. आणि चुंबकाची कळ असलेला नेकबँड बॅगेत टाकला नि टोकं सुटली, तर तोही बॅगेतल्या बॅगेत फोन घेऊ शकतो, म्हणून ठेवताना बटणाने बंद करावा. बड्स निदान एक कानात, एक डबीत असे आलटून पालटून चालवता येतात. नेकबँड संपला की संपला. पण त्याची बॅटरी मोठी, साधारण दीडदोनशे एमएएचची, आणि बडमधली तीस ते साठच्या घरातली. इवल्या बॅटरीवर रोज ताण पडला की ती लवकर थकते. माझा उजवा बड, बोलायला नेहमी तोच घ्यायचो म्हणून, डाव्याच्या कितीतरी आधी मान टाकायला लागला. या बॅटऱ्या बदलून घेणं व्यवहारात जमत नाही.

ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढलं आणि त्याच वर्षाअखेरीस एअरपॉड्स आणले. तेव्हापासून नेकबँड म्हणजे जुनाट, असं एक मत आहे. दिसण्याचं म्हणाल तर असेलही.

आवाज तुटण्याचा दोष मात्र दोघांच्या माथी सारखाच मारावा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि आपलं पाणीदार शरीर त्या लहरी शोषून घेतं. फोन मागच्या खिशात आणि बड विरुद्ध बाजूच्या कानात असेल तर दादरच्या पुलावर, जिथे ज्याच्या त्याच्या कानात काहीतरी आहे, आवाज अडखळणारच. फोन शर्टाच्या खिशात ठेवून पाहा, खूप फरक पडतो. आणि दुचाकीवर दोन्हीही नकोत.

घेताना दुकानात गाणं लावून बघू नका. बाहेर रस्त्यावर या, घरी फोन लावा आणि तुमचं बोलणं कसं ऐकू येतंय ते त्यांना विचारा. दिवसाला चार-दोन फोन आणि बाकी गाणी, सिनेमे असं असेल तर बड्सबद्दल तुमची तक्रार राहू नये. इलेक्ट्रिशियन, एजंट, सुपरवायझर अशांपैकी असाल तर आधी नेकबँड पाहा, असं मी म्हणेन, आणि फोन आल्यावर थरथरणाराच पाहा. ती सोय सगळ्यांत नसते आणि दुकानदार आपणहून सांगत नाही.