काळ्या पेटीचे 14,500 रुपये: कॅम्पर गाडीवाल्यांनो, सावध राहा

व्हॅनमध्ये बसवून घेतलेल्या एका बनावट काळ्या पेटीपायी माझे एकूण 45,900 रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, कारण फोंड्यात भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो.

माझी जुनी व्हॅन आहे. आत झोपायची सोय, छोटा फ्रिज, पंखा, दिवे. दुखणं सगळ्या कॅम्परवाल्यांचं असतं तेच: रात्रभर फ्रिज चालला की सकाळी सेल्फ मारत नाही. उपाय मला माहीत होता. फ्रिज-पंख्याला वेगळी बॅटरी आणि दोन बॅटऱ्यांच्या मध्ये आयसोलेटर. इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज होतात, बंद झालं की जोड तुटतो आणि स्टार्टरची बॅटरी शाबूत राहते. म्हणजे मी काही अडाण्यासारखा गेलो नव्हतो.

म्हापशाकडच्या एका ऑटो-इलेक्ट्रिकलवाल्याने हिशेब सांगितला: आयसोलेटर 14,500, 100 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) 'डीप सायकल', म्हणजे पुन्हा पुन्हा खोलवर उतरली तरी टिकणारी, बॅटरी 16,800, वायरिंग आणि मजुरी 4,200. म्हणजे 35,500. त्यातले 20,000 यूपीआयने आगाऊ घेतले, उरलेले रोख. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लावला तर महाग पडेल, बिल मागाहून देतो. (बिल हातात पडेपर्यंत रोख रक्कम सोडूच नका.)

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. काम झाल्यावर मी इंजिन बंद करून मीटर लावला. दोन्ही बॅटऱ्या 12.6 व्होल्ट. फ्रिज चालू केला आणि स्टार्टरच्या बॅटरीचा आकडाही खाली सरकू लागला, 12.5, मग 12.4. तिथेच सगळं उघडं पडलं होतं! जोड तुटला असता तर त्या बॅटरीचा आकडा हलायचं कारणच नव्हतं. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "कांयच जावचें ना, पात्रांव. नवी बॅटरी सेट जावपाक वेळ लागता." आयसोलेटरच्या काळ्या पेटीवर हिरवा दिवा जळत होता. समोर वीस-पंचवीस वर्षं हाच धंदा करणारा माणूस, आणि मी शाळामास्तर. कोण कोणाला शिकवणार?

सत्तरीत केरीला मावशीच्या अंगणात रात्री गाडी लावली. पहाटे चोर्ला घाटाने बेळगावला निघायचं होतं, बाबांची डोळ्यांची तपासणी होती. चावी फिरवली तर फक्त टक्-टक्. दोन्ही बॅटऱ्या 11 व्होल्टच्या खाली. गाडी ओढून आणायचे 3,500 गेले, तपासणीची वेळ हुकली. अशी रात्री-रात्री तळाला जाऊन स्टार्टरची बॅटरीही मेली, नवी 6,900 ला पडली.

फोंड्यातल्या बॅटरीवाल्या पोराने पेटीचे स्क्रू काढले. आत एक एलईडी, एक रेझिस्टर आणि या टोकाकडून त्या टोकाला सरळ गेलेली जाड वायर. रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) नाही, काही नाही. खरा व्होल्टेज पाहणारा रिले साधारण 13.3 व्होल्टला जोडतो आणि 12.8 च्या आसपास तोडतो. वायरला फ्यूजही नव्हता, तो दोन्ही टोकांना हवा. शॉर्ट झाली असती तर आई-बाबांसकट गाडी पेटली असती. आणि ती बॅटरी? 100 एएचची लेड-अॅसिड बॅटरी तीस किलोच्या आसपास भरते. ही सोळा भरली. स्टिकरखाली दुसरा स्टिकर, नंबर खरवडलेला. विकत घेताना आधी वजन करा.

गॅरेजवाला फोन उचलत नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर "हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा." पेटी टेबलावर उघडून ठेवली, कोणी वाकून पाहिलं नाही. सरळ वायर आयसोलेटर म्हणून विकणं फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? अर्जाची पोच मागितली तर "साहेब आल्यावर". साहेब कधी येणार, तेही कोणी सांगेना. सायबरवाले म्हणाले, तुम्ही दुकानात उभं राहून पैसे दिलेत, हे ऑनलाइन नाही. ग्राहकांसाठीच्या कार्यालयात टेबलामागचा माणूस एकच पालुपद लावून बसला: बिल आणा. अहो, बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे! तीच तक्रार घेऊन आलेल्या माणसाला बिलावाचून परत पाठवता? सुट्टी टाकून गेलो होतो, उन्हात रांगेत उभा होतो, आणि वर मलाच विचारतात, "तुम्हाला आधी कळलं नाही?"

कोणी परत पाठवलं तर गप्प बसू नका. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, आणि तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची. यूपीआयची पावती, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, उघडलेल्या पेटीचे फोटो जपून ठेवा. मी तेवढ्यावरच तक्रार भरली आहे.

म्हापशाच्या बाजूच्या गॅरेजमधून हिरव्या दिव्याची काळी पेटी कोणी बसवून घेतली असेल तर आजच इंजिन बंद करा, अर्धा तास थांबा, फ्रिज लावा आणि स्टार्टरच्या बॅटरीवर मीटर धरा. आकडा उतरला तर स्क्रू काढून फोटो काढा आणि मला कळवा. दोन-चार तक्रारी एकत्र गेल्या तर त्या टेबलामागच्या माणसाला मान वर करावी लागेल.