बिलिंग सॉफ्टवेअरमधली 'स्टाफ रिकव्हरी': नोंद ठेवा, कपात बंद करा

रेस्टॉरंटच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये रद्द झालेल्या ऑर्डरींचा हिशेब असतोच. काहींमध्ये त्यापुढची एक सोय येते: रद्द झालेली रक्कम ज्याच्या लॉगिनवर पडली त्याच्या नावावर चढवायची आणि महिनाअखेरीला पगारपत्रकात वजावट म्हणून पाठवायची. कुठे तिला 'स्टाफ रिकव्हरी' म्हणतात, कुठे आणखी काही. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या पॅकेजचं नाही, या सोयीचं आहे, कारण नाव कुठलंही असो, तिची घडण जवळपास सारखी असते आणि दोषही तेच असतात.

निकाल आधीच सांगतो. चुकांची नोंद ठेवणाऱ्या भागाला पाचपैकी चार गुण. पगारातून वसुली करणाऱ्या भागाला शून्य. कामाच्या ओघात झालेल्या चुकीचे पैसे पगारातून कापू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे आणि त्याची कारणं हे सॉफ्टवेअर वापरतानाच दिसतात.

तपासायला कसोटी तयार आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण कराराबरोबर (क्रमांक ९५) एक शिफारस आहे, क्रमांक ८५. मालाचं नुकसान पगारातून वळतं करायचं असेल तर ती तीन गोष्टी मागते. नुकसानीला तोच कामगार जबाबदार आहे हे स्पष्ट दाखवता आलं पाहिजे. रक्कम रास्त हवी, प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नको. आणि निर्णयाआधी त्याला आपली बाजू मांडायची वाजवी संधी मिळाली पाहिजे. 'स्टाफ रिकव्हरी' या तिन्हींत नापास होते.

जबाबदारीपासून सुरू करू. सॉफ्टवेअर धरून चालतं की ज्याचा पिन, त्याची चूक. गर्दीच्या वेळी टर्मिनल दोन आणि वेटर आठ असतात. एकाने पिन टाकून स्क्रीन उघडली की मागचे दोघं-तिघं त्याच स्क्रीनवर ऑर्डर मारून मोकळे होतात, कारण प्रत्येकाने बाहेर पडून पुन्हा पिन टाकायचा तर टेबलं ताटकळतात. ऑर्डर कॅप्टन घेतो, स्क्रीनवर पंच नवा मुलगा करतो, टेबलावर रनर नेतो. चूक या साखळीत कुठे झाली हे सॉफ्टवेअरला कळायचा मार्गच नाही.

एकच चुकलेली डिश मागे मागे तपासत गेलं की हे नीट कळतं. पाहुण्याने सांगितलं, शेंगदाणे नकोत. स्क्रीनवर त्यासाठी बटण नाही, म्हणून वेटरने ते शेऱ्यात टाइप केलं. केओटीवर (स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) शेरा अगदी तळाशी, बाकी मजकुराच्याच टायपात छापला गेला. प्रिंटर थर्मल आहे आणि शेगडीशेजारच्या फळीवर ठेवलेला आहे. थर्मल कागद उष्णतेनेच काळा पडतो. छपाई होते ती त्याच गुणावर. शेगडीजवळ टांगलेली चिठ्ठी थोड्याच वेळात करडी पडते आणि खालची ओळ पुसट होते. कूकने डिशचं नाव वाचलं आणि कढई चढवली. अहवालात मात्र एवढंच दिसतं: 'चुकीची ऑर्डर', अमुक वेटर. खरं कारण मेनूच्या प्रोग्रॅमिंगमध्ये आणि प्रिंटरच्या जागेत आहे, आणि हे दोन्ही निर्णय वेटरने घेतलेले नाहीत. स्वयंपाकघरात रिबनवर चालणारा इम्पॅक्ट प्रिंटर बसवला तर कागद उष्णतेने काळवंडत नाही, आणि दुरंगी रिबन असेल तर बदल लाल अक्षरात येतात. एवढ्याने जितक्या चुका टळतात, तितक्या दंडाने कधीच टळणार नाहीत.

अॅलर्जीच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. डिश टेबलावर गेल्यावर वेटरला आठवलं की शेरा टाकायचा राहिला. ती परत आणली तर रद्द ऑर्डर त्याच्या नावावर पडणार आणि पैसे कापले जाणार. त्या क्षणी माणसाला गप्प बसायचं कारण आपणच पुरवलेलं असतं. 'थांबा, माझी चूक झाली' हे वाक्य स्वयंपाकघरात फुकट असलं पाहिजे. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमात अॅलर्जी आणणाऱ्या १४ घटकांची यादी आहे. ती समोर ठेवून प्रत्येक घटकासाठी वेगळं बटण करायला फार वेळ लागत नाही. शेऱ्यात टाइप करायची वेळच येऊ नये.

आता रक्कम. रद्द ऑर्डरीचा अहवाल विक्रीची किंमत दाखवतो, आणि वसुलीची सोय तीच किंमत उचलते. कच्च्या मालाचा खर्च साधारणपणे विक्री किमतीच्या २८ ते ३५ टक्के असतो. किंमत १०० धरा, माल ३० चा. चुकलेली डिश टाकून दिली, दुसरी बनवून दिली आणि पाहुण्याने तिचे १०० भरले, तर नुकसान ३० चं झालं. वेटरकडून १०० घेतले तर त्या चुकीवर मालकाला ७० सुटले. ऑर्डर शिजायच्या आधीच रद्द झाली असेल तर नुकसान शून्य, पण अशी ऑर्डरही अहवालात पूर्ण किमतीने बसलेली दिसते. वसुलीचा आकडा खरा हवा तर प्रत्येक डिशचं रेसिपी कार्ड, म्हणजे तिला कुठला माल किती लागतो याची नोंद, स्टॉकशी जोडलेलं लागतं, ग्रॅमपर्यंत. ते काम बहुतेक ठिकाणी अर्धवट सोडलेलं असतं, आणि कार्ड कोरं असलं की सॉफ्टवेअरकडे विक्री किमतीशिवाय दुसरा आकडा उरत नाही.

शिवाय डिशची किंमत ठरवताना घट आणि नासाडी यांचे काही टक्के कॉस्टिंगमध्ये आधीच धरलेले असतात. तो खर्च पाहुण्याने बिलातून भरलेला आहे. तोच पुन्हा वेटरच्या पगारातून घेणं म्हणजे एका नुकसानीची दोनदा वसुली.

तिसरी कसोटी, बाजू मांडायची संधी. रद्द करताना सॉफ्टवेअर कारणांची यादी देतं आणि पहिलं कारण आधीच निवडलेलं असतं. घाईत मॅनेजर तेच दाबतो. ते 'वेटरची चूक' असेल तर महिनाभराचा अहवाल वेटरच्या चुकांनी भरतो. पगारपत्रकाला थेट जोडणी असली की ती नोंद कोणीही न वाचता वजावट होऊन बसते, आणि कामगाराला ती पगाराच्या दिवशी कळते. तोवर तीन आठवड्यांपूर्वीच्या टेबलावर काय झालं होतं हे कुणाच्याच लक्षात नसतं.

कायद्याचा धोकाही खरा आहे. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार गल्ल्यातली किंवा स्टॉकमधली तूट ग्राहकांशी थेट व्यवहार करणाऱ्या कामगाराकडून कापायची तर एका पगाराला ढोबळ वेतनाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे (शेवटच्या पगाराला ती नाही). अमेरिकेच्या संघीय नियमांत, टिपा किमान वेतनात धरून पगार दिला जात असेल तर फुटलेली भांडी, गल्ल्यातली तूट किंवा पैसे न देता गेलेला ग्राहक यासाठी कपात चालत नाही. भारतात १९३६ च्या वेतन कायद्यापासून, नुकसानीपेक्षा जास्त रक्कम कापायची नाही आणि आधी म्हणणं ऐकून घ्यायचं, असा नियम आहे. सॉफ्टवेअरमध्ये टक्क्यांची मर्यादा घालायची जागा असली तरी ती आपणच भरायची असते. ती रिकामी राहिली म्हणून कायद्यातून सुटका होत नाही.

गल्ल्याचं प्रकरण वेगळं धरतात, पण तिथेही तेच. एका ड्रॉवरवर दोघांनी हात घातला की तूट कुणाची हे सिद्ध होत नाही, मग ती कुणाच्याही नावावर टाकू नका. प्रत्येक कॅशियरला स्वतःचा ड्रॉवर द्या. शिफ्टच्या सुरुवातीला सुटे पैसे कॅशियर आणि मॅनेजर दोघांनी मिळून मोजून सही घ्या. शेवटी कॅशियरने सिस्टिममधला आकडा न बघता रोकड मोजून लिहावी आणि मग मॅनेजरने ताळा बघावा. आकडा आधी दिसला तर मोजणी त्या आकड्याकडे वळते आणि जास्तीची रक्कम बाजूला काढून ठेवायलाही वाव मिळतो. एखाद्या शिफ्टची किरकोळ तूट काहीच सांगत नाही. पंधरा दिवसांचा कल बघा. कधी कमी, कधी जास्त असेल तर सुट्या पैशांची गडबड आहे. सतत कमीच असेल तर चौकशी करा.

पैसे न देता गेलेला ग्राहक ही वेटरची चूक म्हणून नोंदवायची सोय दिसली तर ती काढूनच टाका. फसवणूक ग्राहकाने केली आहे. फुटलेल्या ग्लासांचंही तसंच: व्यावसायिक डिशवॉशरमध्ये शेवटचं विसळणं सुमारे ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्याने होतं, आणि तिथून काढलेल्या ग्लासात लगेच बर्फ पडला की काच तडकते. ग्लास कमी असले की असं होणारच. आणखी दोन रॅक घ्या.

'कपात नसेल तर कोणी लक्षच देणार नाही' हे मालकांचं म्हणणं आम्ही हलक्यात घेत नाही. टाकून दिलेल्या मालाचं दुःख खरं असतं. पण ते म्हणणं तपासता येतं आणि त्यासाठी याच सॉफ्टवेअरमधला दुसरा अहवाल उपयोगी पडतो: विक्रीप्रमाणे लागायला हवा होता तो माल आणि प्रत्यक्षात लागलेला माल यांतला फरक. कपात सुरू केल्यावर रद्द ऑर्डरी कमी झाल्या, पण हा फरक तेवढाच राहिला, तर चुका थांबलेल्या नाहीत, फक्त नोंदी थांबल्या आहेत. चुकलेली डिश गुपचूप दुसऱ्या टेबलावर जाते, नाहीतर कचऱ्यात. आता ती चूक दुरुस्त करायलाही तुमच्या हातात काही नाही. तोच तो वेटर तेच ते चुकत असेल तर टेबलं कमी करा, जोडीला जुना माणूस द्या, तरीही जमत नसेल तर लेखी समज द्या. चोरी असेल तर चौकशी करा, आणि ती एका बटणाच्या भरवशावर सोडू नका.

सॉफ्टवेअर आधीपासून असेल तर नोंदीचा भाग असा लावून घ्या. प्रत्येकाला वेगळा पिन द्या आणि ऑर्डर गेली की आपोआप लॉगआउट होऊ द्या. पिन टाइप करण्याऐवजी कार्ड टेकवायची सोय असेल तर रांग लागत नाही. कारणांच्या यादीत आधीपासून काहीच निवडलेलं नको. कारणं माणसावर न ठेवता जागेवर ठेवा: शेरा वाचता आला नाही, बटण नव्हतं, माल संपल्याचं स्क्रीनवर आलं नाही, टेबल क्रमांक चुकला, पाहुण्याने मत बदललं. 'शिजायच्या आधी रद्द' आणि 'शिजल्यावर रद्द' या दोन वेगळ्या नोंदी करा आणि रकमेत मालाचा खर्च येऊ द्या. मग आठवड्यातून एकदा शिफ्टच्या आधी दहा मिनिटं अहवाल वाचा, नावं झाकून. एकाच डिशवर किंवा एकाच वेळेला चुका साचलेल्या दिसल्या की काय बदलायचं हे कळतं.

नवीन घेत असाल तर डेमोच्या वेळी विक्रेत्याला तीन गोष्टी समोर करून दाखवायला सांगा: पगारपत्रकाची जोडणी पूर्ण बंद करणं, रद्द ऑर्डरीची रक्कम मालाच्या खर्चात दाखवणं, आणि वेटरने स्वतःच्या लॉगिनवरून आपल्या नोंदीखाली उत्तर लिहिणं. तिसरी गोष्ट बहुधा अडते. ती करून मिळत नसेल तर वेटरच्या नावाने रकमा मांडणारा अहवाल छापूच नका.