ओपनरिफाइन रिव्ह्यू: पत्रकारांवरच्या हल्ल्यांचा डेटा साफ करायला कितपत कामाचं?

पत्रकाराला अटक, मारहाण, धमकी, ऑफिसवर धाड, कॅमेरा जप्त... अशा घटनांच्या नोंदी जे ठेवतात त्यांना माहितीये त्या शीट्स कुठल्या अवस्थेत येतात ते. कुणी एक्सेल पाठवतं, कुणी अर्धाच फॉर्म भरतं, कुणी नुसती बातमीची लिंक टाकून मोकळं होतं, मग मोहम्मद नावाच्या एकाच माणसाची चार स्पेलिंगं होतात आणि एका अटकेच्या तीन अटका होतात. हे निस्तरायला मी ओपनरिफाइन नावाचं डेटा साफ करायचं सॉफ्टवेअर वापरतो, त्याचा हा रिव्ह्यू.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे. 2010 मध्ये फ्रीबेस ग्रिडवर्क्स म्हणून आलं, गुगलने ते बनवणारी कंपनीच घेतली तेव्हा गुगल रिफाइन झालं, 2012 मध्ये गुगलने अंग काढून घेतलं आणि तेव्हापासून हे नाव. ब्राउझरमध्ये उघडत असलं तरी चालतं तुमच्याच मशीनवर, फाइल कुठल्या सर्व्हरवर जात नाही, आणि आपल्या कामात निम्म्या लोकांनी नाव गुप्त ठेवा म्हणून सांगितलेलं असतं त्यामुळे ही गोष्ट फार मोठी आहे.

सारख्या नोंदींचे गट करणारं क्लस्टर फीचर भारी आहे यात वाद नाही. फिंगरप्रिंट पद्धत कॅपिटल-स्मॉल, विरामचिन्हं, शब्दांचा क्रम हे सगळं बाजूला ठेवून सारखी दिसणारी नावं एकत्र दाखवते, म्हणजे आडनाव आधी लिहिलं काय नंतर लिहिलं काय, दोन्ही सापडतात. पण तिथे एक 'सिलेक्ट ऑल' बटण आहे आणि त्याला हातही लावू नका. एकाच गावात एकाच नावाचे दोन रिपोर्टर असू शकतात, आणि एकाच रिपोर्टरला दोनदा अटकही होऊ शकते. सॉफ्टवेअरला फक्त अक्षरं दिसतात. कपड्याच्या दुकानाची गिऱ्हाईक यादी असती तर चाललं असतं, इथे चुकून दोन नावं एक केली तर एका माणसाची केसच गायब होते. म्हणून मूळ कॉलमला कॉपी करून घ्या, 'जसं आलं तसं' असं नाव द्या, आणि दुरुस्ती फक्त दुसऱ्या कॉलममध्ये.

तारखांचं विचाराल तर एक्सेलसारखं हे स्वतःच्या मनाने तारीख बदलत नाही, टेक्स्ट तसंच ठेवतं, त्यासाठीच मी इकडे आलो. सुटकेची तारीख 03/12 लिहिलीये, आता ही 3 डिसेंबर की 12 मार्च? सीपीजे (कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स) ही संस्था तुरुंगातल्या पत्रकारांची जी वार्षिक गणती करते ती 1 डिसेंबरला आत कोण होतं एवढंच मोजते, त्याआधी सुटलेला त्यात येत नाही. म्हणजे दिवस-महिना उलटा वाचला की माणूस गणतीत येतो किंवा बाहेर जातो. ओपनरिफाइन याचं उत्तर देणार नाही, पण टेक्स्ट फॅसेट (कॉलममधल्या व्हॅल्यूंची यादी करून हव्या त्याच रो दाखवणारा फिल्टर) लावून दिवस-महिना दोन्ही 12 किंवा त्याखाली आहेत अशा शंकास्पद नोंदी वेगळ्या काढता येतात, मग मूळ बातमी उघडून एकेक बघायची. दुसरा इलाज नाहीये. आणि रिकामा रकाना म्हणजे 'सुटला नाही' असं धरू नका हो, बऱ्याचदा फक्त कुणी विचारलेलं नसतं. 'फिल डाउन' तर जपूनच वापरा, ते खऱ्या रिकाम्या जागेतही वरच्या माणसाची माहिती ओतू शकतं.

आता तक्रार. प्रत्येक बदल हिस्ट्रीत राहतो, मागे जाता येतं, स्टेप्स काढून दुसऱ्याला देता येतात असं सगळे कौतुकाने सांगतात, पण एकेक सेल हाताने बदलला तर तो बदल त्या एक्सपोर्ट होणाऱ्या स्टेप्समध्ये येतच नाही! आणि आपलं काम तर बहुतेक एकेक सेलचंच. जुगाड असा की आधी केस नंबरचा फॅसेट लावून ती एकच रो समोर आणायची आणि मग फॅसेटमधूनच व्हॅल्यू बदलायची, मग तो बदल नोंदला जातो. का बदलला ते मात्र कुठेच लिहिता येत नाही, त्यासाठी 'दुरुस्तीचं कारण' असा कॉलम स्वतःच ठेवायचा: कुणी सांगितलं, कुठला पुरावा, कधी.

सगळ्यात धोक्याची गोष्ट शेवटी आली बघा. नाव काढून टाकलं आणि प्रोजेक्ट फाइल कुणाला पाठवली तर त्यात अख्खी हिस्ट्री जाते, समोरचा अनडू करून ते नाव वाचू शकतो. पाठवायचं असेल तर फक्त सीएसव्ही, म्हणजे हिस्ट्री नसलेला साधा तक्ता. तसंच 'रिकन्साइल' केलं, म्हणजे नावं बाहेरच्या डेटाबेसशी जुळवून बघितली, की ती विकिडेटासारख्या बाहेरच्या सेवेकडे जातात, म्हणजे मशीनवरच राहतं हा फायदा तिथे संपला. जाहीर नावं आणि मीडिया संस्थांसाठी ठीक, गुप्त सोर्ससाठी अजिबात नाही.

5 पैकी 4. एक स्टार त्या सेलवाल्या भानगडीचा कापला. दोघा-तिघांना एकाच फाइलवर एकदम काम करायचं असेल तर हे घेऊ नका, एकट्याचं सॉफ्टवेअर आहे, तुम्हाला हुरिडॉक्स या मानवी हक्कांच्या नोंदींवर काम करणाऱ्या संस्थेचं उवाझी जास्त जमेल, तेही ओपन सोर्स, फक्त ते केसेस आणि कागदपत्रं ठेवायला आहे, स्पेलिंग निस्तरायला परत इकडेच यावं लागेल.