समुद्रापर्यंतच्या लांब राइडवर मेश इंटरकॉम : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चालत्या मोटरसायकलींवरून एकमेकांशी बोलण्यासाठी हेल्मेटला बसवायचा मेश इंटरकॉम आमच्या गटातील सहाही जणांनी एकाच वेळी आणि एकाच बनावटीचा घेतला, कारण समुद्रापर्यंतच्या लांब पल्ल्याच्या राइड आम्ही एकत्र करतो आणि अशा प्रत्येक राइडमध्ये कोणी ना कोणी मागे पडतोच. गेल्या काही महिन्यांत या यंत्रांनी ऊन, पाऊस, घाटरस्ते, हमरस्त्यावरचा वारा आणि किनाऱ्यावरची खारी हवा असे सगळे पाहिले आहे. त्यामुळे खोक्यावर छापलेल्या वैशिष्ट्यांपैकी खरोखर काय उपयोगी पडले आणि काय नुसतेच छापलेले राहिले, हे आता बऱ्यापैकी ठामपणे लिहिता येईल. बनावटीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. पुढे येणाऱ्या त्रुटी कमीअधिक प्रमाणात या प्रकारच्या बहुतेक यंत्रांत आढळतात.

आमच्यातील दोघांकडे ब्लूटूथ इंटरकॉम आधीपासून होते आणि दोघांपुरते ते चांगले चालतही होते. अडचण माणसे वाढली की सुरू होते. ब्लूटूथमध्ये एक यंत्र शेजारच्याशी, ते त्याच्या पुढच्याशी अशी साखळी जोडावी लागते, आणि आवाज नीट यायला हवा असेल तर जोडणीचा क्रम आणि रस्त्यावरचा क्रम एकच ठेवावा लागतो. मधला एक जण पेट्रोलसाठी वळला किंवा सिग्नलला अडकला की साखळी तिथेच तुटते आणि त्याच्या मागच्यांचा पुढच्यांशी संपर्क संपतो. मेशमध्ये प्रत्येक यंत्र स्वतःच्या आवाजाबरोबर इतरांचा आवाजही पुढे पोहोचवते. एखादा जण बाजूला गेला तर उरलेली यंत्रे आपापसांत दुसरी वाट शोधतात, आणि तो टप्प्यात परत आला की कोणतेही बटण न दाबता पुन्हा गटात येतो. माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेली ही गोष्टच, माझ्या मते, या यंत्रासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे एकमेव कारण आहे.

गप्पा मारता याव्यात म्हणून इंटरकॉम घ्यावा असे अनेकांना वाटते. गप्पा होतात, पण पहिल्या तासाभरात संपतात. त्यानंतर उरते ते थोडक्यात आणि कामाचे बोलणे, आणि राइडचा सगळा पोत त्याने बदलतो. पूर्वी लीड करणाऱ्याचे, म्हणजे सर्वांत पुढे चालणाऱ्याचे, अर्धे लक्ष आरशात असे. मागचा दिसेनासा झाला की तो वेग कमी करी, त्याच्यामागचे आणखी कमी करीत आणि सर्वांत शेवटच्या स्वीपला मात्र पुढे सुटलेले अंतर भरून काढण्यासाठी सगळ्यांपेक्षा जोरात चालवावे लागे. ताशी ९० किलोमीटर वेगाने मोटरसायकल एका सेकंदात २५ मीटर जाते. एक गाडी डावीकडे, पुढची उजवीकडे अशा तिरप्या रांगेत सरळ पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे आणि तिरकस पुढच्या गाडीपासून एका सेकंदाचे अंतर ठेवले तरी सहा गाड्यांची रांग किमान सव्वाशे मीटर लांब होते. इतर वाहने मध्ये शिरली की ती अर्ध्या किलोमीटरवर जायला वेळ लागत नाही. हाताच्या खुणा इतक्या मागे पोहोचत नाहीत. आता लीडने ‘डावीकडे वाळू सांडली आहे, वेग कमी करतोय’ एवढे म्हटले की स्वीपला ते त्याच क्षणी कळते आणि तो ब्रेक न लावता केवळ थ्रॉटल (वेगाची मूठ) सोडून सावकाश येतो.

पेट्रोलचेही तसेच. गटातील सर्वांत लहान टाकी सगळ्यांचे थांबे ठरवते हे लांब पल्ल्याच्या प्रवासातले उघड सत्य आहे; पण पूर्वी अंदाजाने लवकर थांबावे लागे, आता ज्याची गाडी रिझर्व्हला लागते तो सांगतो आणि पुढचा पंप पाहून थांबा ठरतो. थकवा ओळखता येणे हा मात्र अजिबात अपेक्षित नसलेला फायदा निघाला. दुपारनंतर एखाद्याची उत्तरे ‘हं’ आणि ‘हो’ यांवर आली, किंवा साध्या प्रश्नाला उत्तर यायला क्षणभर उशीर होऊ लागला, की त्याला आता उतरवले पाहिजे हे त्याच्या आधी इतर पाच जणांना कळते. आपण थकलो आहोत हे स्वतःहून कबूल करणारा रायडर मी अजून पाहिलेला नाही.

आता यंत्राच्या पल्ल्याविषयी, म्हणजे आवाज किती लांब पोहोचतो त्याविषयी. खोक्यावर लिहिलेले अंतर मोकळ्या, सपाट आणि अडथळे नसलेल्या जागेतले असते. ही यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. डोंगर त्या अडवतो आणि पाण्याने भरलेले मानवी शरीरसुद्धा त्या बऱ्यापैकी शोषते. सरळ रस्त्यावर आम्हांला पल्ला कधी कमी पडला नाही. घाटात मात्र डोंगराचा एक कोपरा मध्ये आला की आवाज तुटक होतो आणि दुसरा आला की जातो. मेशचा फायदा इथे घ्यायचा तर मधल्या रायडरने कोपऱ्यावर असे राहावे की पुढचा आणि मागचा दोन्ही त्याच्या दृष्टिपथात येतील, म्हणजे त्याचे यंत्र दोघांमधला दुवा होते. हे जमू लागल्यापासून घाटातली तुटातुट निम्म्याने तरी कमी झाली. तरीही निघण्यापूर्वी पुढचा थांबा तोंडी ठरवून घेण्याची जुनी सवय आम्ही सोडलेली नाही, कारण आवाज गेल्यावर काय करायचे हे आवाज असतानाच ठरलेले बरे.

आता आवाजाच्या दर्जाविषयी जरा सविस्तर, कारण बहुतेक तक्रारी इथे होतात आणि दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. स्पीकर कानाच्या भोकासमोर नेमका नसेल तर ४० मिलिमीटरचा उत्तम स्पीकरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. आवाज अगदी बारीक ठेवून स्पीकर अस्तराखाली थोडा थोडा सरकवत जावे. एका जागी तो अचानक भरून आल्यासारखा वाटतो, आणि ती जागा बहुधा हेल्मेटमधल्या तयार खोबणीच्या बरोबर मध्यभागी नसते. खोबण खोल असेल तर स्पीकरच्या मागे सोबत आलेली फोमची चकती लावून तो कानाजवळ आणावा, पण कानाला टेकू देऊ नये. दहा मिनिटांत न जाणवणारा तो दाब तीन तासांनी असह्य होतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलचा थर जागा करण्यासाठी कोरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. डोक्याला बसणारा आघात तोच थर शोषतो.

दुसरी गोष्ट इअरप्लगची. हमरस्त्याच्या वेगाला वाऱ्याचा आवाज हेल्मेटच्या आत ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्यविषयक संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तासांपेक्षा जास्त राहू नये आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. इंटरकॉम घेतल्यावर साहजिकच वाऱ्यावर मात करण्यासाठी स्पीकरचा आवाज वाढवला जातो आणि कानावर दोन्हींचा मारा होतो. त्याऐवजी साधे फोमचे इअरप्लग घालून मग आवाज वाढवला तर बोलणे अधिक स्पष्ट ऐकू येते. हे उलटे वाटते, पण कारण सरळ आहे : प्लग वारा आणि बोलणे दोन्ही सारखेच खाली आणतो, आणि गोंगाटाने बधिर न झालेला कान त्यांतले बोलणे वेगळे काढू शकतो. आमच्यातील दोघांनी सुरुवातीला हे मनावर घेतले नाही. मुक्कामी पोहोचल्यावर रात्री कानात शीळ वाजत राहिली तेव्हा पुढच्या सकाळी त्यांनीच प्लग मागून घेतले.

मायक्रोफोन पूर्ण बंद हेल्मेटमध्ये ओठांसमोर चिकटवला की काम करतो. व्हायझर उघडा ठेवून वेगात बोलणाऱ्याचे मात्र कोणालाच काही कळत नाही. आवाजावर आपोआप सुरू होणारा मायक्रोफोन पहिला शब्द गिळतो, म्हणून इशारा देताना आधी नाव घ्यायचे आणि मग मुद्दा सांगायचा असे आम्ही ठरवले आहे. यंत्र हेल्मेटच्या डाव्या बाजूला बसते, कारण उजवा हात थ्रॉटलवर असतो. पावसाळी जाड हातमोज्यांनी बटणे चाचपडावी लागतात, तेव्हा एखादे फिरवायचे चाक असलेले मॉडेल मिळाले तर ते पाहावे. गाणी ऐकता येतात. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

खरी परीक्षा समुद्राने घेतली. यंत्राला आयपी ६७ हा दर्जा आहे. यातला ६ धूळ आत न शिरण्याचा आणि ७ एक मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरण्याचा. मुसळधार पावसात सहाही यंत्रांना काही झाले नाही. पण ही चाचणी गोड्या पाण्याची असते आणि चार्जिंगचे झाकण घट्ट बंद असताना घेतलेली असते. किनाऱ्यावर तुषारांतून मिठाचा जो बारीक थर बसतो तो वाळला तरी निष्क्रिय होत नाही : हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून घेऊन विरघळते, आणि किनाऱ्यावरच्या रात्री ही पातळी सहज गाठतात. म्हणजे हेल्मेट कोरडे दिसत असले तरी यंत्र आणि त्याची हेल्मेटवरची बैठक यांच्यामधल्या पिनांवर रात्रभर खारे पाणी असते. एका मित्राच्या यंत्रात या पिनांपैकी दोन हिरवट झाल्या, एका बाजूचा स्पीकर मध्येच खरखरू लागला, आणि यंत्र बैठकीतून काढून पुन्हा बसवले की काही वेळ ठीक चाले.

तेव्हापासून किनाऱ्यावर मुक्काम असला की संध्याकाळी यंत्र बैठकीतून काढून गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने दोन्हीकडचे पृष्ठभाग पुसायचे, कोरड्या कापडाने टिपायचे आणि अर्धा तास उघडे ठेवून मगच चार्जिंगला लावायचे, असा क्रम ठरला आहे. चार्जिंगच्या भोकात ओल असताना केबल लावली तर विजेच्या प्रवाहाने गंज कित्येक पटींनी वेगाने धरतो. नुसत्या ओलाव्यापेक्षा हे वाईट.

वाळूचा प्रकार तर मला अगदीच नवा होता. हेल्मेट वाळूवर उपडे ठेवून सगळे पाण्यात गेले आणि परतल्यावर पाहिले तर स्पीकरच्या कापडावर काळ्या, बारीक कणांची वर्तुळाकार दाढी उगवली होती. बहुतेक किनाऱ्यांच्या वाळूत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे थोडेफार कण असतात आणि स्पीकरमधले चुंबक ते नेमके वेचून घेते. हे कण झटकून जात नाहीत, फुंकरीने तर आणखी आत जातात; चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली तरच निघतात. ज्यांच्या यंत्राची बैठक चुंबकावर धरणारी आहे त्यांना हे दुप्पट लागू. हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवणे हा त्यावरचा सोपा उपाय, फक्त साइड स्टँडखाली सपाट दगड किंवा रुंद चकती असावी, नाहीतर स्टँड वाळूत रुततो आणि हेल्मेटसकट गाडी आडवी होते.

बनवणाऱ्या कंपनीवर माझी एक तक्रार आहे आणि ती लहान नाही. निघण्याच्या आदल्या रात्री दोघांच्या फोनवरील अॅपने यंत्राचे सॉफ्टवेअर नवे करून घेतले आणि सकाळी ती दोन यंत्रे उरलेल्या चारांच्या गटात येईनात. ग्राहक सेवेचे उत्तर असे की सहाही यंत्रांवर एकच आवृत्ती हवी. उत्तर बरोबर होते, पण ही अट नवी आवृत्ती उतरवण्यापूर्वी पडद्यावर दिसायला हवी होती. परिणामी पहिल्या थांब्यापर्यंत ते दोघे एकमेकांशी आणि आम्ही चौघे आमच्यात बोलत गेलो. आता राइडच्या आठवड्यात अॅपला हात लावायचा नाही असा नियम आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मेश पद्धती एकमेकींशी सहसा बोलत नाहीत, हेही खरेदीपूर्वी माहीत असावे. पाहुणा रायडर दुसऱ्या बनावटीचे यंत्र घेऊन आला तर त्याला गटातील एकाशी ब्लूटूथने जोडावे लागते आणि त्याचा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा येतो.

बॅटरी नवी असताना दिवसभराची राइड एका चार्जवर होत असे. आता मेश सतत सुरू ठेवले तर दुपारच्या थांब्यावर पॉवर बँकेला लावावे लागते. आतली लिथियम बॅटरी वापरणाऱ्याला बदलता येत नाही, त्यामुळे हे यंत्र काही वर्षांचेच सोबती आहे असे धरून किंमत मोजावी. राइड नसताना ते पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे न ठेवता निम्म्या चार्जवर ठेवल्यास बॅटरी अधिक टिकते.

चार किंवा अधिक जण कायम एकत्र जात असतील आणि सगळे एकाच बनावटीवर एकमत करू शकत असतील, तर हे यंत्र घ्यावे असे मी निःसंकोच सांगेन. दोघांच्या राइडसाठी साधा ब्लूटूथ इंटरकॉम पुरतो, स्वस्त पडतो आणि त्याची बॅटरीही जास्त वेळ चालते. आधीपासून ब्लूटूथ असलेल्या आमच्या त्या दोघांनी आपले जुने संच विकलेले नाहीत, आणि दोघेच निघतात तेव्हा अजून तेच वापरतात.